पिकअपची थरथर

साल १९८७. दसरा नुकताच झाला होता. आमच्या दवाखान्याची पिकअप पठारावरची फेरी करून घाट उतरली, खालच्या सपाट रस्त्याला लागली आणि तातोबांनी वेग धरताच अंगाखालची सीट थरथरायला लागली. समोरच्या पत्र्यानं बारीक सूर धरला. मागच्या बाकड्याखाली खोक्यात ठेवलेल्या औषधांच्या बाटल्या किणकिणू लागल्या.

"तातोबा, हे काय हो?" मी पत्र्यावर हात ठेवून विचारलं.

"रस्ता खराब हाय, बाई."

रस्ता खराब नव्हता. उलट तेवढाच तुकडा डांबर टाकून गुळगुळीत केलेला होता. तातोबांनी वेग कमी केला, थरथर गेली. पुन्हा वाढवला, पुन्हा आली.

"चाकात चिखल बसला आसंल. घरला गेल्यावर खरवडतो," ते म्हणाले.

मी तेव्हा त्या दवाखान्यात नर्स होते. पाटणच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एका संस्थेचा तो छोटा दवाखाना. डॉक्टर कारखानीस तो चालवत. पुण्यातली चालती प्रॅक्टिस सोडून आलेला माणूस. वर पठारावर सात-आठ गावं, आणि तिथवर जाणारा रस्ता म्हणजे दगड, चिखल आणि ओढे. एस.टी. अर्ध्या घाटापर्यंतसुद्धा जात नसे. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी आमची पिकअप तेवढी चढायची. मागे ताडपत्रीचं हूड, दोन बाकडी, मध्ये स्ट्रेचर. आणि ती चालवणारे तातोबा शेलार. गाडी आली तेव्हापासून तेच. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, बोलणं मोजकं. गाडीतला एखादा नट सैल झाला तर त्यांना तो आवाजावरून कळायचा.

चाकातला चिखल खरवडून झाला. थरथर तशीच.

महिनाभरात ती सगळ्यांच्या सवयीची झाली, पण कुणालाच सोसेना. मोडलेल्या हाडाचा पेशंट असला की सपाट रस्त्याला ओरडायचा. मग आम्ही बैलगाडीच्या चालीनं यायचो. एके दिवशी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं.

"कुमुदबाई, गाडी विकायचं ठरवतोय. म्हातारी झाली ती. कराडचा एक व्यापारी सोमवारी बघायला येणार आहे. त्या पैशात एखादी साधी व्हॅन येईल. डांबरी रस्त्यावर उत्तम."

"आणि पठारावर?"

"पठाराचं बघू काहीतरी."

"काय बघणार, डॉक्टर? व्हॅन तर पहिल्या ओढ्यात बसेल."

ते चष्मा पुसत राहिले. "चालत्या गाडीत काही तुटलं आणि माणसं दरीत गेली तर जबाबदारी माझी आहे," ते म्हणाले. मी त्यांच्याबरोबर नऊ वर्षं काम केलं होतं. असं नजर चुकवून बोलताना त्यांना पाहिलं नव्हतं.

"सोमवारपर्यंत दुखणं सापडलं तर?"

"सापडलं तर बघू," ते म्हणाले. तेही खिडकीकडे बघून.

मी तशीच एस.टी. स्टँडमागे बाबालाल मुलाणींच्या गॅरेजवर गेले. बाबालाल मिस्त्री अंगानं थोराड, तोंडानं सैल, कामाला चोख.

"सिस्टर, तुम्ही कशाला तोंड पाडून आलाय? कोण आजारी?"

"पिकअप."

"आता काय, तिला सलाईन लावायचं?"

"मिस्त्री, चेष्टा नको. सोमवारी विकताहेत तिला."

बाबालाल हातातलं फडकं टाकून उठला.

दुपारी आम्ही तिघं पिकअप घेऊन सपाट रस्त्यावर गेलो. तातोबा चालवायला, मी मध्ये, बाबालाल दाराशी. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. पण ताप का येतो हे शोधताना तो कधी येतो आणि कधी येत नाही हे आधी विचारतात, एवढं माहीत होतं. मी तेच विचारत सुटले.

"वेग असतानाच येते. मग इंजिन असेल का?"

"बघू की. तातोबा, पन्नासाला घे आन न्यूट्रल कर."

तातोबांनी गिअर काढला. इंजिनाचा आवाज खाली बसला, गाडी आपल्या ओढीनं पळत राहिली. थरथर तशीच होती.

"झालं. इंजिन निर्दोष," बाबालाल म्हणाला. "जे चाकांबरोबर फिरतंय त्यातच खोट हाय. सिस्टर, तुम्ही नर्स कशाला झालाय? गॅरेज काढा माझ्यासमोर."

गॅरेजवर परतून त्यानं चाकं काढली, मागची पुढं टाकली, एक टायर बदलला. पुन्हा फेरी. थरथर. मग इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना पोहोचवणारा दांडा, शाफ्ट म्हणतात त्याला, तो अख्खा सोडून बाजूला ठेवला आणि नुसत्या मागच्या चाकांवर गाडी पळवली. तरी थरथर.

"तातोबा, तुझी गाडी तुझ्यावानीच झाली बघ," बाबालाल म्हणाला. "चढाला ठणठणीत, सपाटीला कुरकुर."

तातोबा हसले नाहीत. एरवी ते कधीचेच गाडीखाली शिरले असते, बाबालालच्या हातातला पाना काढून घेतला असता. त्या दिवशी सांगितलं तेवढं करत होते. मध्येच चहा आला. आम्ही प्यालो. तातोबांचा ग्लास बोनेटवर तसाच राहिला. "निवू दे," म्हणाले, आणि मग तो उचलून गाडीच्या मागे गेले.

"मग उरलं काय?" मी विचारलं.

"मागचा शाफ्ट," बाबालाल म्हणाला. पण जागचा हलला नाही.

मी वाकून बघितलं. गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत गेलेला जाडजूड दांडा, लालभडक रंगवलेला. त्याच्या मध्यावर पिवळा दोरा बांधलेला, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अजून अडकलेल्या.

दर खंडेनवमीला तातोबा दिवसभर गाडी कुणाला देत नसत. कोंबडा आरवल्यापासून ते गाडीखाली असत. दोन्ही शाफ्ट उतरवायचे, रॉकेलनं धुवायचे, ग्रीस भरायचं, पुन्हा बसवून लाल रंग द्यायचा. मग हळदकुंकू, नारळ, आणि मागच्या शाफ्टला पूजेचा दोरा. हा दांडा गाडी ओढतो म्हणून मान त्याचा. दोरा आपणहून झिजून गळेपर्यंत तो शाफ्ट कुणी सोडायचा नाही, असा त्या बाजूच्या ड्रायव्हरांचा रिवाज होता.

"सोडून बघा ना मिस्त्री," मी म्हणाले.

"त्याला मी हात लावत न्हाई, सिस्टर. पूजेचा दोरा हाय. माझ्या बापानंबी कधी कुणाच्या गाडीचा तोडला न्हाई. आन मी तर मुलाणी. उद्या गाडीला कायतरी झालं की गाव म्हणंल बाबालालनं दोरा तोडला."

"पण दोष तिथेच असेल तर?"

"तातोबानं हातानं बांधलेला शाफ्ट. त्यात काय दोष आसणार? हलवून बघितला, कुठं ढिला न्हाई." त्यानं मान वर केली. "काय तातोबा?"

तातोबा काच पुसत होते. "घट्ट हाय," ते म्हणाले.

बाबालालनं पुढचा शाफ्ट परत चढवला. तपास तिथं संपला. मी दमून दवाखान्यात आले आणि वॉर्डात कामाला लागले.

शनिवारी सकाळी पठारावरून निरोप आला. एक बाई अडली होती. मी आणि तातोबा निघालो. शेवटच्या ओढ्याशी तातोबांनी खालचा लिव्हर ओढला, चारही चाकांनी दगड पकडले आणि गाडी फुंकारत वर निघाली. त्या चढावर ती कधीच थरथरत नसे. तिथं वेगच नव्हता.

गाडी पोचायची त्या शेवटच्या वडापर्यंत बायकांनी अडलेल्या बाईला झोळीत घालून आणलं होतं. बरोबर गावची सुईण, चिमाबाई. सत्तरीची, कमरेत वाकलेली, पण झोळीचा एक कोपरा तिच्या खांद्यावर होता. त्या पोरीला आत घेऊन मी सलाईन लावत होते, तेव्हा चिमाबाईनं विचारलं, "बाई, गाडी इकणार म्हणत्यात, खरं हाय का वं?"

"कुणी सांगितलं?"

"सांगाया काय लागतंय. बाजारात समदं कळतं. खरं का खोटं तेवढं सांगा."

"अजून ठरलं नाही."

"ठरलं तर आदी सांगा आमाला." ती तक्रार करत नव्हती. पेरणीबद्दल बोलावं तशी बोलत होती. "न्हाई, खालपातूर झोळी न्यायची तर सा-आठ गडी लागत्यात. गडी समदे ममईला. आमी बायका इथवर आणतो, फुडं न्हाई जमायचं. मग कुणाला न्यायचं आन कुणाला घरातच ठेवायचं, ह्ये आमालाच ठरवावं लागंल. ते आदी म्हाईत पायजे."

तातोबा दाराशी उभे होते. डावा हात खाकी पँटीच्या खिशात. त्यांनी चिमाबाईकडे बघितलं, मग झोळीच्या रिकाम्या कापडाकडे, आणि पुढे जाऊन बसले.

घाट उतरून सपाटीला लागलो. अडलेली पोर कळा सोसत माझा हात आवळत होती. वेग वाढवावा तर थरथर, न वाढवावा तर वेळ. तातोबांनी मध्यम वेग धरला. बाटल्या किणकिणत राहिल्या. दुपारी ती सुटली. मुलगी झाली. दोघी जगल्या. मी बाहेर येऊन तातोबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गाडी धुवायला लागले.

रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असे. सकाळी मी बकुळीच्या झाडाखालून वॉर्डाकडे निघाले होते. मागच्या अंगणात पिकअप उभी होती आणि खालून आवाज आला.

"बाई, जरा येता?"

तातोबा गाडीखाली पाठीवर पडले होते. बोनेटवर दोऱ्याचे तुकडे आणि पाकळ्या नीट गोळा करून ठेवलेल्या.

"दोरा तोडलात?"

"म्या बांधला, म्याच सोडला. पाप लागलं तर मला लागंल." मग म्हणाले, "नट हातात ऱ्हाईना. तुमी धरता का?"

मी साडीवर जुनी चादर गुंडाळली आणि गोणपाटावर आडवी होऊन आत सरकले. नट धरायला हात पुढे केला आणि त्यांचा डावा हात बघितला. तो छातीवर नुसता ठेवलेला होता आणि अंगठा बोटांवर घासल्यासारखा थरथरत होता. थांबत नव्हता. तातोबा माझ्याकडे बघत होते. हात लपवला नाही.

"हे कधीपासून?"

"मागल्या हिवाळ्यात सुरू झालं. आदी बोट. आता समदा हात. काम धरलं की थांबतंय, सोडलं की हलतंय. बारीक कामाला मातूर धोका देतंय."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी डॉक्टरला सांगितलं आसतं."

ते खरं होतं.

त्यांनी सांगितलं तसे मी नट काढले. शाफ्ट खाली आला. तो एकसंध नव्हता. दोन तुकडे, एकात एक सरकणारे, आतून दातेरी. तातोबांनी उजव्या हातानं चाकूच्या पाठीनं लाल रंग खरवडला. खाली छिन्नीनं मारलेली एक खूण निघाली. मग दुसऱ्या तुकड्यावरची निघाली.

"ह्या दोन खुणा समोरासमोर पायजेत. तरच दोन्ही टोकांचे जोड एका रेषेत येत्यात. आता बघा."

खुणा समोरासमोर नव्हत्या. एक दुसरीपासून दोन-तीन दाते सरकलेली होती.

"म्हणजे रंगाखाली खूण झाकली गेली, म्हणून चुकलं?"

तातोबांनी चाकू बाजूला ठेवला.

"रंग मागनं दिला, बाई. बसिवताना खूण दिसत हुती. दांडा जड, हात हलत हुता. एकदाचा गेला आत, म्हटलं बसला. मग पैल्याच फेरीला सपाटीला लागलो आन कळलं चुकलंय म्हणून. येऊन दोरा काढून परत बसवायचा, अर्ध्या तासाचं काम."

"मग?"

"तुमी इचारलं, हे काय हो म्हणून. तवा तुमी पत्र्याकडं बघत हुता. बाटल्यांकडं बघत हुता. माझा हात गिअरवर हुता, त्याच्याकडं न्हाई बघितलं कुणी. गिअरच हलत हुता, मग हात हलला तर काय." त्यांनी डोळे मिटले. "तवा वाटलं, ऱ्हाऊ दे. गाडी हलतीया तवर बरं हाय."

"आणि गाडी विकायला काढली तेव्हा?"

"वाटलं बाबालाल हुडकंल. त्याच्या हातनं निघालं तर माझ्या तोंडानं सांगाया नगं. तर त्यो दोऱ्याला भ्याला." ते एकदम हसले, आणि मग हसणं तोंडावरच विरलं. "काल चिमाबाई काय म्हणली, ऐकलं न्हवं?"

"ऐकलं."

"मग धरा. ह्यो तुकडा माझ्याकडं, त्यो तुमच्याकडं. खुणा जुळल्या की ढकला."

खुणा जुळल्या. मी ढकललं. ग्रीसनं भरलेला दांडा एका दमात आत गेला. नट मी आवळले, शेवटचा पिळा त्यांनी उजव्या हातानं दिला.

"चला," ते म्हणाले.

सकाळचा रस्ता रिकामा होता. तातोबांनी वेग धरला. चाळीस, पन्नास, त्याच्याही पुढे. पत्रा गप्प होता. सीट गप्प होती. बाहेरच्या वाऱ्याचा आवाज मला कित्येक दिवसांत पहिल्यांदा ऐकू आला. आणि त्या सगळ्या शांत गाडीत गिअरच्या गोळ्यावर ठेवलेला एक हात तेवढा हलत होता.

आम्ही दोघंही समोर बघत राहिलो.

परत आलो तेव्हा डॉक्टर व्हरांड्यात पेपर वाचत होते. तातोबा पायरीशी उभे राहिले, किल्ली पुढे केली. डाव्या हातानं. मुद्दाम.

"थरथर गेली, डॉक्टर. शाफ्ट चुकीचा बसला हुता. चूक माझी. गाडी चांगली हाय, आजून धा वर्सं चालंल. तिला इकू नगा. मला मातूर आता ठेवू नगा."

डॉक्टर उठले. किल्ली न घेता त्यांनी तो हातच दोन्ही हातांत धरला. नाडी बघतात तसा नाही. नुसता धरला.

"बसा तातोबा," ते म्हणाले.

"बसतो. पर आदी सांगा, इकणार न्हाई न्हवं?"

"नाही विकत."

मग तातोबा पायरीवर बसले. डॉक्टरांनी मला चहा सांगायला लावला. चहा आला तेव्हा तातोबांनी ग्लास आमच्यासमोर उचलला. थोडा सांडला.

संध्याकाळी मी औषधांच्या कपाटाला कुलूप लावत होते. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले.

"तुम्हाला माहीत होतं हाताचं?"

"नाही. आज कळलं."

"मला पावसाळ्यापासून माहीत होतं. शेजारी बसतो मी त्यांच्या. डॉक्टर आहे." ते कपाटाच्या काचेकडे बघत होते. "एकदा पुरात त्यांनी मला गाडीतून ओढून काढलंय, कुमुदबाई. त्या माणसाला मी काय सांगणार होतो, की उद्यापासून येऊ नका? गाडीच गेली असती तर त्यांचं काम आपोआप सुटलं असतं. कुणी कुणाला काही सांगायला नको."

"आणि पठार?"

मी कुलूप लावलं, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि घरी गेले. त्या रात्री फार दमल्यासारखं झालं होतं.

व्यापारी सोमवारी आला आणि तसाच परत गेला. पठारावरच्याच सुदाम खरातला ड्रायव्हर म्हणून घेतलं. तातोबा पुढचा पाऊस येईपर्यंत त्याच्या शेजारी बसून त्याला घाट शिकवत राहिले, मग दवाखान्याच्या फाटकावर बसू लागले. मिरजेहून मागवलेल्या गोळ्यांनी काही वर्षं बरी गेली. पंचाण्णव साली ते वारले. त्यांची बायको हौसाबाई लेकीकडे इस्लामपूरला गेली, तिची पुढची खबर मला नाही. बाबालालला खरं कळलं तेव्हा तो तातोबांशी आठवडाभर बोलला नाही, नंतर रोज फाटकावर येऊन बसू लागला. त्याचं गॅरेज पुतण्यानं विकलं, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. चिमाबाई कधी गेली ते मला उशिरा कळलं. पिकअप बरीच वर्षं चालली. पठारावर डांबर पोचलं, एस.टी. जाऊ लागली, तेव्हा भंगारात गेली.

मी निवृत्त होऊन कराडला भाचीकडे राहते.

डॉक्टर शेवटी पुण्याला मुलाकडे होते. त्यांना फारसं काही आठवत नसे. मी भेटायला गेले तेव्हा मला त्यांनी ओळखलं की नाही, सांगता येत नाही. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम माझा हात धरून हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, तातोबांना ते हाताचं तुम्हीच सांगा. मला नाही जमणार."

तातोबांना जाऊन तेव्हा तपाहून जास्त काळ लोटला होता.

"सांगते, डॉक्टर," मी म्हणाले.